पेटीवाल्याचं मोठेपण : गोविंदराव टेंबे

युरोपात पियानोवादक रंगमंचाच्या मधोमध बसतो. त्याच्यासाठी मोठमोठ्या संगीतकारांनी रचना लिहून ठेवल्यात. आपल्याकडे पट्ट्यांचं वाद्य वाजवणारा गायकाच्या डाव्या हाताला बसतो, आणि गायक पुढच्या क्षणी कुठे जाईल ते त्यालाही ठाऊक नसतं. अशा जागी बसून मोठं नाव मिळवणं किती कठीण! ते मिळवलं गोविंदराव टेंबे यांनी.

जन्म १८८१चा, कोल्हापूरजवळच्या सांगवड्याचा. भास्करबुवा बखल्यांना ते गुरुस्थानी मानत आणि त्यांच्या मैफलींत पेटीची साथ करत. १९११ साली खाडिलकरांचं ‘मानापमान’ रंगभूमीवर आलं, त्याच्या चाली टेंब्यांच्या. पूरब अंगाच्या ठुमरी-कजरीचा रंग त्यांनी नाट्यपदांत आणला. १९१३ला बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्यासोबत गंधर्व नाटक मंडळी काढली. १९३२च्या ‘अयोध्येचा राजा’त हरिश्चंद्र तेच, संगीतही त्यांचंच.

एवढं सगळं करूनही माणसं त्यांना ओळखत ती पेटीमुळे. आणि इथेच खरी गंमत आहे. हार्मोनियमचं पेटंट घेतलं पॅरिसच्या अलेक्झांद्र दबाँ यांनी, साल १८४०. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी पुढे त्याला हातभात्याचं, मांडी घालून वाजवता येईल असं रूप दिलं. पण वाद्याची रचना विलायतीच राहिली. सप्तकाचे १२ सारखे भाग. मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत. मग वादक काय करतो? भात्याच्या दाबानं सूर लहानमोठा करतो, कणस्वरांनी दोन सुरांमधली फट बुजवतो. कानाला वाटतं, मींड झाली.

हा युक्तिवाद सगळ्यांना पटला नाही. दिल्ली रेडिओवरचे इंग्रज संगीतकार जॉन फाउल्ड्स विरोधात होते, रवींद्रनाथही होते. १ मार्च १९४०पासून ऑल इंडिया रेडिओनं पेटी बंद केली. बघा, परक्या राज्यात बंदी आली, पण स्वराज्य आल्यावरही ती उठली नाही! १९५२पासून १० वर्षं नभोवाणी खातं सांभाळणारे बाळकृष्ण केसकर हे मराठी गृहस्थ, त्यांनीही ती चालूच ठेवली. १९५५ला टेंबे वारले तेव्हा त्यांचं वाद्य सरकारी लेखी परकंच होतं. बंदी सैल व्हायला १९७०चं दशक उजाडलं.

विरोधकांचा मुद्दा खोटा होता असं मी म्हणणार नाही. पेटीचा सूर ठरलेला असतो, हे खरंच. पण वाद्य कुठलं यापेक्षा ते वाजवणारा कान कुठला, हे बघायला नको का? टेंब्यांच्या नंतर पी. मधुकर आले, त्यांचे शिष्य तुळशीदास बोरकर आले. बोरकरांना २०१६ला पद्मश्री मिळाली.

आपल्या झाडीपट्टीला हे वेगळं सांगायला नको. भंडाऱ्या-गोंदियाकडे धान घरात आलं की मंडई, शंकरपट आणि रात्रभर नाटक. नाटकाला सूर देणारा ऑर्गनवाला लागतोच. त्या वाद्याला परकं म्हणावं, असं पहाटेपर्यंत बसलेल्या प्रेक्षकाच्या मनातही येत नाही. रेडिओनं जे ३० वर्षं नाकारलं, ते गावानं कधी सोडलंच नव्हतं.