कोट्रवै ते विष्णुदुर्गा : तमिळ देशातील रणदेवता

महिषासुरमर्दिनी म्हटले की महाराष्ट्रीय वाचकाच्या डोळ्यांपुढे तुळजापूरची अष्टभुजा भवानी उभी राहते, नाहीतर वेरूळच्या कैलास लेण्यातील युद्धशिल्प. दोन्ही ठिकाणी युद्ध चालू आहे. तमिळ देशातील मंदिरांत मात्र देवीचे अगदी वेगळे रूप वारंवार आढळते. तेथे युद्ध संपलेले आहे. रेड्याचे तोडलेले शिर पायाखाली आहे, आणि त्यावर देवी निश्चल, जवळजवळ प्रसन्न मुद्रेने उभी आहे. ही स्थिर मूर्ती देवीमाहात्म्यातील कथेचा केवळ शेवटचा प्रसंग दाखवते, की तिच्यामागे त्या भूमीतील निराळी, अधिक जुनी देवता आहे, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

त्या देवतेचे नाव कोट्रवै. 'कोट्रम्' म्हणजे विजय, राजसत्ता. तिची अधिष्ठात्री ती कोट्रवै. 'तोल्काप्पियम्' या प्राचीन व्याकरणग्रंथात युद्धविषयक काव्याच्या प्रकरणात तिच्या स्तुतीचा उल्लेख आहे. संघकालीन काव्यात मुरुगन हा तिचा पुत्र मानला आहे. पण तिचे सर्वांत सजीव चित्र सापडते ते 'शिलप्पदिकारम्' या महाकाव्यात. मदुरेच्या वाटेवर कोवलन व कण्णगी हे दांपत्य दमून एका देवीच्या ठाण्यात विसाव्याला बसते. तेथे एयिनर या शिकारी जमातीची मंडळी जमलेली असतात. शालिनी नावाच्या स्त्रीच्या अंगात वारे येते आणि ती आपल्याच लोकांना खडसावते : गुरे लुटून आणणे तुम्ही सोडले, गावे ओस पडली, देवीचे रक्ताचे देणे थकले आहे! मग जमातीतील एका कुमारिकेला देवीचा साज चढवला जातो. रानडुकराचा सुळा तिच्या केसांत चंद्रकोरीसारखा खोवतात, गळ्यात वाघाच्या दातांची माळ आणि कमरेला व्याघ्रचर्म येते, हाती धनुष्य देतात आणि तिला काळविटावर बसवतात. वाहन सिंह नव्हे, काळवीट. ही खूण ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

कारण सातव्या शतकात पल्लवांनी महाबलीपुरम् येथे खडक कोरावयास घेतला, तेव्हा हाच मृग दगडात उतरला. तेथील वराह मंडपातील दुर्गापटात सिंहाबरोबर हरिणही आहे. पौराणिक सिंहाला जागा मिळाली, पण रानातल्या हरणाला हुसकावले गेले नाही. देवीच्या पायाशी दोन भक्त गुडघे टेकून बसले आहेत. त्यांपैकी एक स्वतःचे मस्तक कापून देण्याच्या पवित्र्यात दिसतो. गवती छपराच्या झोपडीसारख्या घडणीच्या, 'द्रौपदी रथ' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एकाश्म मंदिरातही असेच दृश्य आहे. (द्रौपदीशी या मंदिराचा काही संबंध नाही, ते दुर्गेचेच आहे.) डच विद्वान फोगेल यांनी १९३१ साली या शिरोदानाच्या शिल्पांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. भक्त केवळ केस अर्पण करीत असावा असेही सुचवले गेले आहे. परंतु 'नवकंडम्' या नावाने ओळखले जाणारे आत्मबलिदानाचे वीरगळ तमिळ प्रदेशात आहेत आणि बाराव्या शतकाच्या आरंभीच्या 'कलिंगत्तुप्परणी' या युद्धकाव्यात कालीपुढे मस्तके वाहणारे वीर आहेत. ते पाहता हा सौम्य अर्थ पटत नाही.

महाबलीपुरम् येथीलच महिषमर्दिनी गुंफेत मात्र पुराणकथा पूर्ण वेगाने अवतरते. सिंहारूढ अष्टभुजा देवी धनुष्य ताणून पुढे सरसावते आहे, ठेंगणे गण भोवती उसळत आहेत, आणि मानवी देहाचा, रेड्याच्या मुखाचा महिष गदा घेऊन मागे रेलतो आहे. समोरच्या भिंतीवर शेषशायी विष्णू योगनिद्रेत पहुडला आहे. भारतीय शिल्पात इतके समर्थ युद्धदृश्य क्वचितच सापडेल. तरीही पुढील तमिळ मंदिरांनी हे गतिमान रूप फारसे उचलले नाही; रेड्याच्या शिरावर उभी असलेली देवीच पसंत केली.

चोळांच्या राज्याचा आरंभही देवीपासूनच होतो. नवव्या शतकाच्या मध्यास विजयालयाने तंजावर जिंकून तेथे निशुंभसूदनीची स्थापना केली, असे तिरुवालंगाडूच्या ताम्रपटात म्हटले आहे. याच तंजावरात सुमारे आठ शतकांनी, १६७५-७६च्या सुमारास, व्यंकोजीराजे भोसले आले. त्यांची कुलस्वामिनीही महिषमर्दिनीच होती. पुळ्ळमंगै येथील दहाव्या शतकातील शिवमंदिरात दुर्गेजवळ सिंह आणि हरीण दोन्ही आहेत, आत्मार्पण करणारे भक्तही आहेत. त्यानंतर हे तपशील विरळ होत जातात. उत्तरेकडील भिंतीच्या कोनाड्यात शंखचक्र धारण केलेली, विष्णूची बहीण मानली गेलेली 'विष्णुदुर्गा' स्थिरावते. शिकाऱ्यांची देवता शिवालयाच्या परिवारात एक नेमून दिलेली जागा घेते.

आज त्या कोनाड्यापुढे मंगळवारी राहुकाळात स्त्रिया लिंबाच्या अर्ध्या सालीत तूप घालून दिवे लावतात. देवीला रेशमी वस्त्र नेसवलेले असते. ते पायांपर्यंत आले की रेड्याचे शिर दिसत नाही.