सीटबेल्टच्या लाल दिव्याची कुळकथा

1973च्या अखेरीस अमेरिकेत नवी गाडी घेतलेल्या लोकांना एक विचित्र अनुभव येऊ लागला. शेजारच्या सीटवर किराण्याची जड पिशवी ठेवली, की गाडी सुरूच होईना. कुत्र्याला बसवलं तरी तेच. 1974च्या मॉडेलपासून तिथल्या सरकारने नियम केला होता: पुढच्या सीटवर वजन जाणवलं आणि त्या सीटचा पट्टा लागलेला नसला, तर इंजिन चालू होता कामा नये. आणि सीटला माणूस कुठला नि बटाटे कुठले, हे कळत नव्हतं.

त्याआधी, 1972 साली, दिवा आणि भुणभुण करणारा बझर आला होता. लोकांनी त्यावर सोपा उपाय शोधला. पट्टा सीटच्या मागून कायमचा अडकवून ठेवायचा आणि पुढे मोकळं बसायचं. म्हणून 1974च्या यंत्रणेला क्रम शिकवला गेला. आधी बसा, मग पट्टा लावा, मग किल्ली फिरवा. क्रम चुकला की गाडी ढिम्म. लोक भडकले. कुणी तारा तोडून टाकल्या, कुणी आपल्या खासदाराला पत्रं लिहिली. ऑक्टोबर 1974मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून ही सक्ती काढून टाकली आणि राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी त्यावर सही केली. त्याच कायद्यात आणखी एक कलम होतं. बझरची सक्ती करायची झाली, तर तो 8 सेकंदांहून जास्त वाजेल असा नियम सरकारने करायचा नाही. हे 8 सेकंद 2012पर्यंत टिकले.

गाडीत बसलं की डॅशबोर्डवर उजळणारा तो लाल माणूस, छातीवर तिरपा पट्टा घेतलेला, या भांडणातून तावून-सुलाखून इथवर आला आहे. त्याचा टुंग टुंग आवाज कटकटीचा वाटतो हे खरं, पण त्याच्या मागचा इतिहास कळल्यावर तो बंद करण्याची इच्छा मला तरी होत नाही.

मुळात पट्टा मोटारीसाठी जन्मला नाही. न्यूयॉर्कच्या एडवर्ड क्लॅगहॉर्नला फेब्रुवारी 1885मध्ये ‘सेफ्टी बेल्ट’चं पेटंट मिळालं आणि त्यामुळे मोटारीच्या पट्ट्याचा जनक म्हणून त्याचं नाव सर्रास घेतलं जातं. मला ते पटत नाही. त्याचा पट्टा माणसाला आकड्यांनी एखाद्या पक्क्या वस्तूशी जखडण्यासाठी होता आणि कार्ल बेंझच्या पेट्रोल गाडीचं पेटंटच मुळी 1886चं. खरी सुरुवात हवेत झाली. 1910 साली टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोला लेफ्टनंट बेंजामिन फुलॉय हा अमेरिकी सैन्याचा वैमानिक राइट बंधूंचं विमान उडवायला शिकत होता. धक्क्यांनी जागेवरून उडून पडायची वेळ आली, तेव्हा त्याने छावणीतल्या खोगीरवाल्याकडून चामड्याचा पट्टा करून घेतला आणि स्वतःला विमानाला बांधून घेतलं. पुढची कित्येक वर्षं पट्ट्याचं काम एवढंच होतं: माणूस जागेवरून पडू नये. धडकेत काय होईल, याचा विचार कुणी केलेला नव्हता.

तो केला ह्यू डिहेवनने. पहिल्या महायुद्धात प्रशिक्षण घेत असताना त्याचं विमान दुसऱ्या विमानावर आदळून कोसळलं. तो वाचला, पण पोटाच्या आतल्या अवयवांना गंभीर इजा झाली. इतरांनी नशीब म्हणून सोडून दिलेल्या गोष्टीवर हा माणूस आयुष्यभर विचार करत राहिला. त्याचा निष्कर्ष असा, की आपल्याला जखमी केलं ते पोटावरच्या पट्ट्याच्या बक्कलने. उंचावरून पडूनही जगलेल्या लोकांच्या घटना त्याने गोळा केल्या आणि 1942मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. त्यातून त्याला दिसलं, की माणसाचं शरीर कल्पनेपेक्षा खूप जास्त सोसतं. धक्का कुठे बसतो आणि थांबायला अंतर किती मिळतं, यावर सगळं ठरतं. पुढे कॉर्नेल विद्यापीठात त्याने अपघातांतल्या इजांचा अभ्यास उभा केला. 1955मध्ये रॉजर ग्रिसवॉल्डबरोबर त्याला तीन टोकांच्या पट्ट्याचं पेटंटही मिळालं. मात्र त्या पट्ट्याचं बक्कल पोटासमोरच येत होतं.

शरीर किती सोसतं, हे स्वतःच्या देहावर पाहणारा माणूस म्हणजे डॉ. जॉन पॉल स्टॅप. अमेरिकी हवाई दलाचे हे डॉक्टर 10 डिसेंबर 1954 रोजी न्यू मेक्सिकोतल्या होलोमन तळावर रॉकेट लावलेल्या घसरगाडीत पट्ट्यांनी जखडून बसले. वेग ताशी 1017 किलोमीटरपर्यंत गेला आणि तिथून गाडी 1.4 सेकंदांत थांबली. गुरुत्वाकर्षणाच्या 46 पट जोर त्यांनी सोसला. डोळ्यांत रक्त उतरलं, काही काळ दिसेनासं झालं, पण ते बरे झाले. मला त्यांच्या पुढच्या कामाबद्दल अधिक आदर आहे. हवाई दलाची माणसं विमानांपेक्षा रस्त्यावरच्या मोटारींत जास्त मरतात, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखवलं आणि मोटारीत पट्टा हवा म्हणून ते वर्षानुवर्षं सांगत राहिले.

अमेरिकेत नॅश या मोटार कंपनीने 1949मध्ये आणि फोर्डने 1950च्या दशकाच्या मध्यावर कमरेचे पट्टे देऊन पाहिले होते. लोकांना ते नको होते. कमरेचा पट्टा अपुराही होता, कारण कंबर जागेवर राहिली तरी डोकं आणि छाती स्टिअरिंगवर आपटायचीच.

याचं उत्तर स्वीडनमधून आलं. तिथल्या वॅटनफॉल या सरकारी वीज कंपनीने, आपले कर्मचारी रस्त्यावर मरतात हे पाहून, 1950च्या दशकात पट्ट्यांवर संशोधन केलं होतं. तेव्हाचा तिरपा पट्टा फक्त छातीवरून जायचा आणि त्याचं बक्कल बरगड्यांवर यायचं. 1958मध्ये व्होल्वोने नील्स बोहलिन या अभियंत्याला नेमलं. तो साब कंपनीत लढाऊ विमानांच्या ‘इजेक्शन सीट’वर काम करून आलेला. वैमानिक सुरक्षेसाठी वाटेल तेवढे पट्टे बांधून घेतो, पण मोटारीतला माणूस एक मिनिटही अवघडून बसायला तयार नसतो, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्याने सोपेपणावर जोर दिला. एक पट्टा छातीवरून तिरपा, दुसरा कमरेवरून, आणि दोन्ही सीटच्या बाजूला, नितंबाजवळ खाली एकाच टोकाला मिळणारे. बक्कल पोटावरून हटलं, कडेला गेलं. जोर पडतो तो गळपट्टीचं हाड, बरगड्या आणि कमरेचं हाड यांवर, म्हणजे शरीरातल्या सोसू शकणाऱ्या जागांवर. आणि सगळं एका हाताने, एका खटक्यात.

असा पट्टा असलेली पहिली गाडी, व्होल्वो पीव्ही 544, 13 ऑगस्ट 1959 रोजी स्वीडनमधल्या क्रिस्टियनस्टाडच्या विक्रेत्याकडे पोचली. कंपनीने पेटंट घेतलं, पण इतर गाडी बनवणाऱ्यांना ते मोकळं ठेवलं. आज जगातल्या कुठल्याही गाडीत तोच पट्टा दिसतो, त्याचं हे कारण. 1967मध्ये व्होल्वोने स्वीडनमधल्या 28,000 अपघातांचा अहवाल मांडला. पट्टा न लावलेली माणसं ताशी 20 किलोमीटरच्या धडकेतही दगावली होती. पट्टा लावलेल्यांपैकी ताशी सुमारे 100 किलोमीटरच्या आतल्या धडकेत कुणीही मेलं नव्हतं. बोहलिनचं निधन 2002 साली झालं.

नंतर पट्ट्याला गुंडाळी जोडली गेली. हळू ओढला तर तो सैल सुटतो, झटका दिला की अडकतो. 1980च्या दशकात धडक जाणवताच स्फोटकाच्या छोट्या नळकांडीने पट्टा मागे खेचून घट्ट करणारी यंत्रणा आली. ती बहुधा एअरबॅगच्याच यंत्रणेचा भाग असते. त्यामुळे गाडी सुरू झाल्यावरही एअरबॅगचा दिवा विझत नसेल, तर पट्टा घट्ट करणारी यंत्रणाही बिघडलेली असू शकते. हा दिवा पेटलेला असताना महिनोन् महिने गाडी चालवणारे लोक मला माहीत आहेत, आणि मला त्याची काळजी वाटते.

सक्तीचा पहिला कायदा ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात 1970 साली झाला. आपल्याकडे पुढच्या सीटला पट्टा बसवणं गाडी बनवणाऱ्यांना 1994पासून बंधनकारक झालं. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांत तो शोधूनही सापडत नसे. 2019च्या जुलैपासून चालक आणि शेजारचा प्रवासी या दोघांसाठी आठवणीचा दिवा आणि आवाज प्रत्येक नव्या कारमध्ये आले. त्याच वर्षी सप्टेंबरपासून दंड 1000 रुपये झाला.

मागची सीट मात्र मनातून सुटूनच राहिली. मागे बसलेला सुरक्षित, अशी आपली पक्की समजूत. 3 जून 2014च्या सकाळी दिल्लीत विमानतळाकडे निघालेले केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे गाडीच्या मागच्या सीटवर होते, पट्टा नव्हता. मंत्रिपदाची शपथ घेऊन जेमतेम आठवडा झाला होता. दुसऱ्या गाडीची धडक बसली आणि महाराष्ट्राने एक मोठा नेता गमावला. मागचा पट्टा लावला असता तर ते वाचले असते, असं तेव्हाचे आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी सांगितलं. 4 सप्टेंबर 2022ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. पुढचे दोघे जबर जखमी होऊनही वाचले. मागे विनापट्टा बसलेले दोघेही गेले. त्यानंतर मुंबई वाहतूक पोलिसांनी 1 नोव्हेंबर 2022पासून मागच्या प्रवाशांनाही पट्ट्याची सक्ती जाहीर केली, पण नियमात ती आधीपासूनच होती.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट उघड झाली. पट्ट्याची नुसती धातूची जीभ, पट्ट्याशिवाय, ऑनलाइन विकली जात होती. बक्कलमध्ये ती खोचली की दिवा विझतो, आवाज थांबतो. मे 2023मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन बाजारांना आदेश दिले आणि अशा क्लिपांच्या 13,118 जाहिराती हटवल्या गेल्या. अनेक गाड्यांत बक्कल लागलं आहे की नाही, यावरून एअरबॅगची यंत्रणा आपलं काम ठरवते. क्लिप तिला खोटं सांगते. पट्टा न लावणं हा हट्ट म्हणता येईल, पण क्लिप विकत आणून खोचणं मला अक्षम्य वाटतं.

मागच्या सीटचं गणित एकदा मांडून पाहावं. ताशी 50 किलोमीटर वेगाची धडक म्हणजे सुमारे 10 मीटर, तीन मजल्यांहून पडल्यासारखं. बोनेट चेपत गाडी साधारण अर्ध्या मीटरमध्ये थांबते. पट्टा लावलेला माणूस तिच्याबरोबर थांबतो. न लावलेला त्याच वेगाने पुढे जातो आणि पुढच्या सीटवर, म्हणजे पुढच्या माणसाच्या पाठीवर, आदळतो. सामानालाही हाच नियम लागू. अर्ध्या मीटरमध्ये थांबताना 10 किलोची बॅग सुमारे 200 किलोच्या जोराने पुढे ढकलते. मागच्या काचेखालच्या फळीवर ठेवलेला डबा किंवा पाण्याचा कॅनही असाच उडतो.

गणपतीला कोकणात निघालेल्या गाड्या मागच्या काचेपर्यंत खचाखच भरलेल्या दिसतात. जड सामान डिकीच्या तळाशी, मागच्या सीटच्या पाठीला टेकवून ठेवावं, हलकं वर. मागे कुणी बसणार नसेल तर रिकाम्या सीटचे पट्टे तसेच लावून ठेवावेत, सीटच्या पाठीला आधार मिळतो. मागची सीट दुमडून सामान भरलं असेल तर ते दोरीने किंवा जाळीने बांधलंच पाहिजे. पुढच्या सीटवर ठेवलेल्या बॅगेमुळे दिवा पेटत असेल, तर बॅग मागे, शक्य तो खाली, सीटच्या पायथ्याशी ठेवावी.

लांबच्या प्रवासात पुढची सीट मागे पाडून झोपणं हे आणखी एक धोक्याचं सुख. सीट आडवी झाली की छातीवरचा पट्टा अंगापासून सुटतो, आणि धडकेत माणूस कमरेच्या पट्ट्याखालून घसरतो. टोचतो म्हणून खांद्यावरचा पट्टा काखेतून घेणंही तसंच घातक. गरोदर बाईने कमरेचा पट्टा पोटाखाली, मांड्यांच्या वर घ्यावा आणि छातीचा पोटाच्या बाजूने.

मागचा पट्टा लावायला लोक विसरतात, त्याचं एक साधं कारण बक्कलच सापडत नाही हे आहे. नवी गाडी आली की आपण पहिल्यांदा सीटकव्हर बसवतो आणि मागची बक्कलं त्याखाली गडप होतात. कव्हर बसवणाऱ्याला आधीच सांगावं, की तिन्ही बक्कलं वर काढून ठेव, त्यासाठी कापडाला चीर पाडावी लागली तरी चालेल. आणि सीटच्या आतच एअरबॅग असेल, तर ती बाजू झाकू नको हेही सांगावं.