शुद्ध पाणी म्हणजे नेमकं कुठलं?

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे. पण विषय आपल्या सगळ्यांच्या हंड्याचा आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

आपल्याकडं 'पाणी शुद्ध आहे का' या प्रश्नाचा अर्थ शेकडो वर्षं एकच होता : त्याला कुणी शिवलं? पाण्यात काय आहे, हे कुणी विचारतच नव्हतं. आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट घ्या. १९०१ च्या सुमारास साताऱ्यात शिकणारा भीमराव भाऊ आणि भाच्यांबरोबर वडिलांना भेटायला गोरेगावला निघाला. मसूर स्टेशनला उतरून पुढं बैलगाडी. डबे भरलेले होते, पण वाटेत प्यायला पाणी कुणी दिलं नाही, म्हणून पोरं उपाशी झोपली. बाबासाहेबांनी पुढं हे स्वतः लिहून ठेवलंय.

त्याच भीमरावांनी २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा बोले यांचा ठराव मुंबईच्या विधिमंडळात १९२३ लाच झाला होता, पण कागदावर. सत्याग्रहानंतर तळ्याची 'शुद्धी' झाली. कशी? शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळलेल्या घागरी मंत्र म्हणत तळ्यात रित्या केल्या! आणि रॉबर्ट कॉकनं कलकत्त्याच्या एका तळ्यात पटकीचा जंतू दाखवून दिला होता १८८४ साली. म्हणजे विज्ञान त्रेचाळीस वर्षं जुनं झालं होतं आणि आपण पिण्याच्या पाण्यात शेण कालवून ते शुद्ध झालं म्हणत होतो. तळ्याचा खटला हायकोर्टात १९३७ ला निकाली निघाला, बाबासाहेबांच्या बाजूनं.

पाणी कुणाचं, हा प्रश्न निदान कायद्यानं सुटला. पाण्यात काय आहे, हा प्रश्न मात्र मागंच राहिला.

जुन्या माणसांना नारू आठवत असेल. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून, पाय बुडवून हंडा भरायचा. पायाच्या फोडातून नारूच्या अळ्या पाण्यात जायच्या आणि तेच पाणी दुसऱ्याच्या पोटात. या रोगावर ना लस, ना खात्रीचं औषध. तरी २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला, तो पायऱ्या बंद करून, पाणी गाळून, लोकांना समजावून. माझ्या मते आपल्या सार्वजनिक आरोग्याचा हा सगळ्यात मोठा विजय आणि त्याची आठवण कुणीच काढत नाही. लिंबची बारा मोटेची विहीर बघायला जाता तेव्हा फोटो जरूर काढा, पण पायऱ्यांची विहीर सौंदर्याबरोबर हेही देत होती.

मग ७२ चा दुष्काळ, बोअर, हातपंप, त्यानंतर नळ योजना. आपल्या जावळीत डोंगरउतारावरच्या वाड्यांना झऱ्याचं पाणी ग्रॅव्हिटीनं येतं. आपण म्हणतो, झऱ्याचं म्हणजे चांगलंच. पण जुलैत पाऊस लागला की उतारावरचं सगळं वाहून त्याच झऱ्याशी येतं.

इथं टीसीएल पावडर येते. तिचा हिशोब शाळेतल्या गणिताएवढाच आहे. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, पाण्याच्या खोलीनं गुणा आणि ७८५ नं गुणा, की लिटर मिळतात. ४ मीटर व्यास आणि ३ मीटर पाणी असेल तर ३७,६८० लिटर. हजार लिटरला ५ ग्रॅम धरले तर साधारण १९० ग्रॅम पावडर. ती टाकल्यावर अर्धा तास थांबायचं आणि शेवटच्या नळाला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलंय का ते तपासायचं. टाकीजवळच्या नळाला नव्हे, शेवटच्या नळाला. एका गावात मी टीसीएलची पिशवी तोंड उघडं ठेवून ओल्या कोपऱ्यात पडलेली पाहिली. गाव सांगत नाही. अशा पावडरीतला क्लोरीन केव्हाच उडून जातो. वहीत नोंद होते, 'टीसीएल टाकले', आणि नोंद खोटीही नसते!

नुसत्या वहीवर विसंबलं की काय होतं, ते कॅनडातल्या वॉकर्टन गावानं पाहिलं. वस्ती पाचेक हजार. मे २००० मध्ये मोठा पाऊस झाला, शेतातलं शेणखत वाहून उथळ विहिरीत उतरलं. पाणी सोडणारे कर्मचारी क्लोरीन न मोजताच आकडे लिहीत होते, वर्षानुवर्षं. ७ माणसं गेली, २,३०० च्या वर आजारी पडली. चौकशी झाली आणि २००२ ला त्या प्रांतात पाण्याचा कडक कायदा आला. लांब कशाला, जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रोड भागात जीबीएसचे रुग्ण वाढले, तेव्हा नांदेड गावच्या विहिरीचीच चर्चा झाली ना?

आपल्याकडं पाण्याचं मानक आहे, आयएस १०५००. त्यात स्पष्ट लिहिलंय, १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय एकही नको. पण नळ योजनेवर ते मानक कायद्यानं बंधनकारक नाही. पाकीटबंद बाटलीला मात्र परवाना लागतो. म्हणजे वीस रुपये देणाऱ्याच्या पाण्याला कायदा आणि पाणीपट्टी भरणाऱ्याच्या पाण्याला सूचना. मला हे पटत नाही.

ग्रामपंचायतींची पाहणी वर्षातून दोनदा होते, पावसाळ्याआधी आणि नंतर, आणि जोखमीप्रमाणं लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं. आपल्या गावाला कुठलं मिळालं, किती जणांना माहितीये? निम्मी गडीमाणसं मुंबईला माथाडीत, पाणी भरणाऱ्या बायका गावात. याच तालुक्यातल्या बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली होती. जलजीवन मिशनमध्ये पाणी तपासायचं किट हाताळायला गावागावांत पाच बायकांना शिकवायचं ठरलं होतं. तुमच्या गावातल्या त्या पाचजणी कोण, किट कुठल्या कपाटात आहे आणि शेवटच्या नळाचा आकडा गेल्या महिन्यात किती होता, तेवढं खाली लिहा. ज्यांना माहीत नसेल त्यांनी पुढच्या ग्रामसभेत विचारून येऊन लिहा. मी यादी करतोय, गावनिहाय.