चीज काय चीज आहे!

हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश 1886 साली निघाला. त्यात ‘चीज’ची नोंद आहे, पण ती दुधापासून होणाऱ्या चीजची नव्हे. हिंदुस्थानात आलेले तरुण साहेब आपल्या नव्या अरबी घोड्याचं किंवा चिरुटाचं कौतुक करताना ‘द रिअल चीज’ म्हणत. कोशाच्या मते ही फारसीतून हिंदुस्थानीत आलेली आपली चीज, म्हणजे वस्तू.

मला हे पटतं. अस्सल, झकास गोष्टीला ‘द थिंग’ म्हणायची पद्धत इंग्रजीत होतीच. या पोरांनी ‘थिंग’ उचलून तिथे इथल्या लोकांच्या तोंडची ‘चीज’ बसवली, एवढंच. 1818च्या सुमारास लंडनच्या बोलीत ‘द चीज’ म्हणजे एकदम फर्मास. आता लंडनच्या गल्लीतल्या माणसाने ना मुन्शी पाहिलेला, ना बाजार. त्याला ऐकू आलं ते ताटातलं चीज, आणि लिहिलंही तसंच. शब्द दत्तक गेला. मग दत्तक घराचं सगळंच त्याला लागू झालं, वाससुद्धा.

‘चीजी’चंच बघा. 1858च्या आसपास इंग्लंडमध्ये ‘चीजी’ म्हणजे ऐटबाज, झोकदार. चाळीसेक वर्षांत अमेरिकेत तोच शब्द हलक्या, टुकार मालासाठी वापरला जाऊ लागला. कुणी तोंड वाकडं करून ‘काय झोकदार!’ म्हटलं की झोक तिथेच संपतो. त्यात नाकाला झोंबणाऱ्या चीजची आठवण असेल तर विचारायलाच नको. आज गुडघ्यावर बसून चंद्रतारे तोडून आणायची भाषा करणारा नायक ‘चीजी’ ठरतो.

‘बिग चीज’ म्हणजे बडं प्रस्थ. हा प्रयोग विसाव्या शतकाच्या आरंभीचा, अमेरिकेतला, आणि इथे मात्र आपला हक्क मला लंगडा वाटतो. त्या देशाला अवाढव्य चीजचा जुना शौक. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना सुमारे 1400 पौंडांचा चीजचा गोळा भेट आला होता. 22 फेब्रुवारी 1837 रोजी त्यांनी व्हाइट हाउसचे दरवाजे उघडले आणि लोकांनी दोनेक तासांत त्याचा फडशा पाडला. अशा ठिकाणी बड्या धेंडाला चीज म्हणायला फारसी कशाला लागते?

‘चीज इट’ तर वेगळ्याच कुळातलं. जेम्स हार्डी वॉक्स या ऑस्ट्रेलियात काळ्या पाण्यावर धाडलेल्या कैद्याने 1812 साली चोरांच्या बोलीचा कोश रचला; त्यात याचा अर्थ ‘बास कर’. पुढे ‘पळा, पोलीस आले’ असाही झाला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैनिक वैतागले की ‘चीज्ड ऑफ’ होत. एकाच पाटीखाली इतकी बिऱ्हाडं, आणि सगळ्यांचं आडनाव सारखं म्हणून नातं जोडायला जावं तर फसायला होतं.

खरं नातं भलतीकडेच सापडतं. फारसी ‘चीज’ आणि ‘किंचित्’मधला ‘चित्’ मुळात एकाच घरचे. मराठीतही चीज एका अर्थावर कुठे थांबली? चोर चीजवस्तू नेतात, कष्टाचं चीज होतं, ‘तू काय चीज आहेस!’ ही शाबासकी की धमकी ते आवाजावर ठरतं, आणि गवई ख्यालाची चीज मांडतो.

परवा भाची गाण्याच्या क्लासहून उड्या मारत आली. “मामा, बाईंनी आज नवीन चीज दिली!”

धाकटा भाऊ रडवेला झाला. “आणि मला थोडंसुद्धा नाही ठेवलं?”