अध्याहृत जाहिरात : बीड जिल्हा आणि एका निषिद्ध संहितेचा इतिहास

'जाहिरात' हा शब्द ज्या 'जाहीर' या शब्दावरून मराठीत रूढ झाला, तो अरबी-फारसीतून आलेला असून त्याचा अर्थ उघड, प्रकट असा आहे. गावात दवंडी पिटली जाई तेव्हा तिचा मजकूर सर्वांना एकाच वेळी ऐकू येई. इतकेच नव्हे, तर तो सर्वांनी ऐकला आहे हेही सर्वांना ठाऊक असे. १८३२ मध्ये 'दर्पण' निघाल्यानंतर मराठीत छापील मजकुराचे युग सुरू झाले, तेव्हा माध्यम बदलले, पण ही अट बदलली नाही. छापलेली जाहिरात चारचौघांत वाचता येते, म्हणून तिला चारचौघांत उत्तरही देता येते. जाहिरातीच्या भाषेची चिकित्सा करणारी समीक्षा बहुधा याच गृहीतावर उभी असते. संहिता समोर आहे, तिचा वाचक आपल्यासारखाच कोणीतरी आहे आणि तिच्यातील शब्दांचे वाचन केले की तिचे कार्य उलगडेल, असे ती मानते. शोधयंत्रे आणि समाजमाध्यमे यांच्या आगमनानंतर हे गृहीत डळमळले, असे आज सर्वत्र म्हटले जाते. ते बरेच आधी डळमळले होते, आणि त्याचा पुरावा बीड जिल्ह्यासारख्या, जाहिरात व्यवसायाच्या नकाशावर कधीच ठळक नसलेल्या प्रदेशात सापडतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. हा पुरावा गर्भलिंगनिदानाच्या जाहिरातीचा आहे.

या जाहिरातीचा पूर्वेतिहास एका वेगळ्याच जाहिरातीत आहे. भारत सरकारने १९५२ मध्ये कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला आणि १९६० च्या दशकात लाल त्रिकोणाचे चिन्ह भिंतीभिंतींवर गेले. स्वतंत्र भारतात शासनाने चालविलेल्या सर्वांत व्यापक प्रचारमोहिमांपैकी ही एक होती. तिच्या भित्तिचित्रांतील चार चेहरे पुष्कळांच्या स्मरणात असतील : वडील, आई, मुलगा आणि मुलगी. अक्षरांचा संदेश अपत्यांच्या संख्येविषयी होता, चित्राचा संदेश मात्र अपत्यांच्या जोडीविषयी होता. निसर्ग अशी जोडी कोणालाही हमखास देत नाही. दोनच अपत्यांवर थांबायचे ठरविलेल्या दर चार कुटुंबांपैकी जवळजवळ एका कुटुंबात दोन्ही मुलीच असणार, हे साधे गणित आहे. मुलगाच वारस, मुलगाच म्हातारपणीचा आधार असे मानणाऱ्या समाजात त्या चौथ्या कुटुंबाने काय करावे, याचे उत्तर भित्तिचित्रात नव्हते. पुढे महाराष्ट्राने सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य होणाऱ्यास ग्रामपंचायतीच्या सदस्यत्वासाठी अपात्र ठरविणारी तरतूद केली. चित्रातील सूचना अशा रीतीने गावपुढाऱ्यापुरता तरी नियम झाली. कुटुंब लहान करण्यात वावगे काहीच नव्हते. परंतु संख्येच्या आग्रहामुळे एक प्रश्न घराघरांत निर्माण झाला आणि तो उघडपणे विचारण्याची सोय नव्हती, एवढे येथे नोंदविले पाहिजे.

त्या प्रश्नाचे उत्तर विकण्याची सोय मात्र झाली. गर्भजलपरीक्षा भारतात १९७० च्या दशकात आनुवंशिक व्याधींच्या शोधासाठी आली आणि दशक संपण्यापूर्वीच अमृतसरमध्ये केवळ लिंगनिदानासाठी तिचा धंदा सुरू झाला. १९८० च्या दशकात मुंबईतील लोकलगाड्यांत, फलकांवर आणि वृत्तपत्रांत तिच्या जाहिराती झळकत. आज काही शे रुपये खर्च करा आणि उद्याचे हजारो रुपये वाचवा, अशा आशयाचे त्यांतील एक आवाहन कुप्रसिद्ध आहे. संहिता म्हणून ते वाचले तर लक्षात येते की त्यात मुलगी नाही, गर्भ नाही, हुंडाही नाही. आहे ते फक्त बचतीचे गणित. अनुमानातील एक विधान गाळले आहे आणि ते वाचकाने स्वतः भरावयाचे आहे. मुलगी म्हणजे खर्च हे ते अध्याहृत विधान. लिहिणाऱ्याला ते लिहावे लागले नाही, कारण वाचणाऱ्याला ते आधीच पाठ होते. भारतीय काव्यशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर या जाहिरातीचा वाच्यार्थ निरुपद्रवी होता आणि तिचे सारे सामर्थ्य व्यंग्यार्थात होते.

या उघड जाहिरातीला उघड विरोधही झाला. १९८५ मध्ये मुंबईत स्त्री-संघटना, आरोग्य-कार्यकर्ते आणि वैज्ञानिक यांचा लिंगनिदानविरोधी मंच उभा राहिला आणि त्याच्या रेट्यामुळे १९८८ मध्ये महाराष्ट्राने या विषयावरचा देशातील पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तो १ जानेवारी १९९६ पासून अमलात आला. अंमलबजावणी होत नाही म्हणून मुंबईची 'सेहत' आणि पुण्याची 'मासूम' या संस्था डॉ. साबू जॉर्ज यांच्यासह २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २००३ मध्ये कायद्यात सुधारणा झाली. जाहिरात विकणाऱ्याला फलक लावावा लागला म्हणून विरोध करणाऱ्याला तो फाडता आला, हे या टप्प्याचे वैशिष्ट्य होय.

कायद्याच्या बाविसाव्या कलमात जाहिरातीची जी व्याख्या दिली आहे, ती साहित्याच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावी अशी आहे. सूचना, परिपत्रक, लेबल, वेष्टन, इंटरनेट, विद्युत् वा मुद्रित माध्यमे, होर्डिंग, भिंतीवरील रंगकाम, संकेत, प्रकाश, ध्वनी, धूर आणि वायू, इतक्या सर्वांचा तीत समावेश आहे. धुराने केलेली जाहिरातही सुटू नये, अशी ही दक्षता. या यादीतील 'ध्वनी' म्हणजे कानावर पडणारा आवाज. आनंदवर्धनाने नवव्या शतकात ज्याला ध्वनी म्हटले तो वेगळा. शब्दाने जे सांगितले नाही ते ऐकणाऱ्याच्या मनात उमटविणारी शक्ती, हा त्याचा अर्थ. कायदेकर्त्यांना या दुसऱ्या ध्वनीचे भान नव्हते, असेही नाही. गर्भाचे लिंग शब्दांनी, खुणांनी वा अन्य कोणत्याही प्रकारे कळविण्यास पाचव्या कलमाने मनाई केली आहे. तरीही खुणा झाल्याच. मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी वा जिलेबी वाटण्याची आपल्याकडील रीत सर्वांना ठाऊक आहे. तपासणीच्या खोलीत मिठाईचे नाव घेतले की निदान सांगून होई. सूर्य मावळल्याचे सांगणारे एकच वाक्य सेनापतीला, चोराला आणि गुराख्याला निरनिराळा अर्थ देते, हे काव्यशास्त्रातील जुने उदाहरण आहे. मिठाईच्या नावाचेही तसेच होते. ज्याने प्रश्न मनात घेऊन पाऊल टाकले आहे, त्यालाच उत्तर ऐकू येते.

आता बीडकडे वळू. २००१ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात ९१३ आणि बीड जिल्ह्यात ८९४ मुली होत्या. २०११ मध्ये महाराष्ट्र ८९४ वर आला आणि बीड ८०७ वर. हा आकडा राज्यात सर्वांत कमी होता. निसर्गतः जन्माच्या वेळी हे प्रमाण ९५० च्या आसपास असते, हे ध्यानी घेतले म्हणजे ८०७ या संख्येचा अर्थ कळतो. मे २०१२ मध्ये परळीतील एका रुग्णालयात गर्भपाताच्या वेळी एका महिलेचा मृत्यू झाला आणि जिल्ह्याचे नाव देशभर पोचले. त्या प्रकरणातील डॉक्टर दांपत्याला २०१९ मध्ये दहा वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली.

जाहिरातीच्या इतिहासकाराला येथे एक विचित्र परिस्थिती दिसते. या काळात सोनोग्राफी केंद्रांवर एकच फलक होता, आणि तो कायद्याने सक्तीचा केलेला : येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. जी सेवा विकली जात होती तिचे नाव घेणारा सार्वजनिक मजकूर तेवढाच, आणि तोही नकारार्थी. मग गिऱ्हाईक येई कसे? उत्तर सर्वांना माहीत होते : दलालामार्फत, नातेवाइकामार्फत, कानोकानी. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जाहिरात व्यवसायात चार पायऱ्यांची एक मांडणी सांगितली जाते : लक्ष वेधणे, रस निर्माण करणे, इच्छा जागविणे आणि कृतीला प्रवृत्त करणे. बीडमध्ये पहिल्या तीन पायऱ्यांवर कोणालाही एक पैसा खर्च करावा लागला नाही. त्या हुंड्याने, वारसाच्या कल्पनेने आणि दोन अपत्यांच्या गणिताने आधीच बांधून ठेवल्या होत्या. उरला होता तो केवळ पत्ता. ज्याच्याकडे इच्छा तयार आहे, त्याला पत्ता सांगणे हेच दलालाचे काम, आणि तेवढीच त्याची जाहिरात.

या दृष्टीने पाहिले म्हणजे शोधयंत्रावरील जाहिरात मुळात काय करते, हे नीट समजते. वृत्तपत्रात जाहिरातदार जागा विकत घेई, आकाशवाणीवर वेळ. शोधयंत्रावर तो दुसऱ्याचा प्रश्न विकत घेतो. एखादा शब्दप्रयोग कोणी टंकित केला की आपला मजकूर दिसावा, यासाठी त्या शब्दप्रयोगावर बोली लावली जाते. गूगलने हा व्यवहार २००० मध्ये सुरू केला. या व्यवसायातील माणसे आपल्या माध्यमाचा मोठा गुण सांगतात तो हाच : येथे इच्छा निर्माण करण्यात पैसा वाया जात नाही, इच्छा घेऊन आलेल्यालाच गाठता येते. विक्रेत्याच्या बाजूने हा दावा खरा आहे. परंतु शेजारच्या माणसाला ती जाहिरात दिसत नाही, म्हणून त्याला तिला विरोधही करता येत नाही. दवंडीची अट येथे मोडते. शोधयंत्र हा या अर्थाने अतिशय वेगवान आणि अतिशय अबोल असा दलाल आहे.

डॉ. साबू जॉर्ज २००८ मध्ये पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेले ते याचसाठी. गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांच्या शोधयंत्रांवर लिंगनिदानाच्या जाहिराती दिसतात, अशी त्यांची तक्रार होती. पैसे घेऊन दाखविलेला मजकूर आम्ही काढू, परंतु शोधाचे स्वाभाविक निकाल ही जाहिरात नव्हे, ती माहिती आहे, अशी कंपन्यांची भूमिका होती. अशा रीतीने जाहिरात आणि माहिती यांतील सीमारेषा कोठे, हा समीक्षेचा जुना प्रश्न न्यायालयापुढे उभा राहिला. १९ सप्टेंबर २०१६ च्या आदेशात ठराविक शब्दप्रयोग आपोआप अडविण्याची व्यवस्था नोंदविली गेली. नोव्हेंबरमध्ये तक्रारींसाठी मध्यवर्ती यंत्रणा नेमण्याचा आणि तिने कळविल्यावर ३६ तासांत मजकूर काढण्याचा आदेश झाला. डिसेंबर २०१७ मध्ये याचिका निकाली निघाली. ज्ञान मिळविण्याचा नागरिकाचा अधिकार अबाधित राहावा, याचीही न्यायालयाने काळजी घेतली. योगायोग असा की, ज्या सप्टेंबर महिन्यात हा आदेश झाला, त्याच महिन्यात जिओची सेवा सुरू होऊन स्वस्त इंटरनेटचा खेड्यापाड्यांतील प्रवास सुरू झाला, आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये व्हॉट्सॲपवरील संभाषण तिसऱ्याला वाचता येणार नाही अशा कूटबद्ध स्वरूपात गेले होते. शब्द अडविण्याची व्यवस्था झाली तेव्हा संवाद अन्यत्र निघाला होता.

हा आदेश निष्फळ होता, असा निष्कर्ष यातून काढणे चुकीचे ठरेल. उघड बाजार बंद करणे आवश्यकच होते. परंतु जून २०२२ मध्ये बीड तालुक्यातील एका महिलेचा बेकायदा गर्भपातात मृत्यू झाला, तेव्हा अटक झालेल्यांत एक अंगणवाडी सेविका होती. पत्ता सांगणारे माणूस गावातच होते आणि त्याला शोधयंत्राची गरज नव्हती.

शासनाने या अध्याहृत जाहिरातीला उत्तर दिले तेही जाहिरातीनेच. २२ जानेवारी २०१५ रोजी पानिपत येथून 'बेटी बचाओ, बेटी पढाओ' ही योजना देशातील शंभर जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत बीड होता. महाराष्ट्रातील खासदार डॉ. हीना गावित यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने डिसेंबर २०२१ मध्ये दिलेल्या अहवालानुसार, २०१६ ते २०१९ या काळात राज्यांना दिलेल्या ४४६.७२ कोटी रुपयांपैकी ७८.९१ टक्के रक्कम केवळ माध्यमांतील प्रचारावर खर्च झाली. म्हणजे पैशाचा मोठा भाग पहिल्या पायरीवर, लक्ष वेधण्यावर गेला. शिवाय 'वाचवा' हे क्रियापद वाचकाच्या दयेला आवाहन करते. मुलगी म्हणजे खर्च, या गाळलेल्या विधानाशी ते वाद घालत नाही. १९८० च्या दशकातील लोकलगाडीच्या जाहिरातीला ठाऊक असलेली गोष्ट या मोहिमेच्या भित्तिपत्रकांना ठाऊक नव्हती : वाचकाला पटवायचे असेल, तर त्याच्या मनात आधीच लिहिलेल्या वाक्यापासून सुरुवात करावी लागते.

समाजमाध्यमांच्या काळातील जाहिरातीकडे पाहताना पडद्यावरील मजकुराचे विश्लेषण पुरेसे नाही, ते या कारणाने. कोणता प्रश्न विचारला जातो, तो कोणाजवळ विचारण्याची सोय आहे आणि कोणते विधान न लिहिताही वाचले जाते, हे शोधावे लागेल. त्यासाठी हुंड्याचा हिशेब, सातबाऱ्यावरील नाव आणि पेढे-बर्फीचा भेद हीही संहितेची पाने मानावी लागतील.

२०११ मध्ये शून्य ते सहा वयोगटात मोजली गेलेली मुले आता मोठी होत आहेत. त्यांच्या आधीच्या पिढीतील तरुणांनी २१ डिसेंबर २०२२ रोजी सोलापुरात नवरदेवाच्या वेषात, काही जणांनी घोड्यावर बसून, जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला. लग्नाला मुली मिळत नाहीत, ही त्यांची तक्रार होती, आणि लिंगनिदानविरोधी कायद्याची कठोर अंमलबजावणी करा, ही एक मागणी. पुष्कळांनी तो मोर्चा गमतीने घेतला. परंतु जी गोष्ट तीस-चाळीस वर्षे कानोकानी सांगितली गेली, तिचा परिणाम त्या दिवशी भर रस्त्यात, सर्वांना एकाच वेळी दिसेल असा उभा होता. दवंडीच्या अर्थाने ती जाहीर गोष्ट होती.