गोंदियातला सिकलसेल आणि फुप्फुसाचा रक्तदाब

मागच्या वेळी आपण सिस्टेमिक स्क्लेरोसिस पाहिला. त्यात रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं, भिंती जाड होतात, फुप्फुसातला दाब वाढतो. गोंदिया जिल्ह्यात हाच दाब दुसऱ्या वाटेनंही येतो, सिकलसेलच्या. विदर्भात या आजाराची नोंद शुक्ला आणि सोलंकी यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये केली. पुढे बरीच वर्षं आपलं लक्ष राहिलं हाडं दुखण्याकडे. धाप लागली की ‘रक्त कमी आहे’ म्हणून सोडून द्यायचं!

खरं तर विळ्यासारख्या पेशी फुटल्या की सुटं हिमोग्लोबिन नायट्रिक ऑक्साइड खाऊन टाकतं, आणि वाहिन्या सैल ठेवतं ते तेच. मग स्क्लेरोसिसमध्ये उपयोगी पडणारं सिल्डेनाफिल इथंही चालेल, असं वाटणं साहजिक होतं. चाचणी झाली, अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये. २००९ मध्ये ती मधेच थांबवली, कारण गोळी घेणारेच वेदनेनं जास्त वेळा भरती होत होते. म्हणून सालेकसा-देवरीकडचा रुग्ण धापा टाकत आला आणि इकोत दाब वाढलेला दिसला, तरी गोळी लिहिण्याआधी आपण विचारायचं: सिकल तपासलंय का?