कोयनेच्या नावाचा बेडूक

वाचकहो, आपल्या मराठवाड्यात बेडूक म्हणजे मृगाचा निरोप्या. डबक्यात डराँव डराँव सुरू झाले की शेतकरी आभाळाकडे पाहू लागतो. हा बेडूक गावोगावी भेटतो, म्हणून त्याचा इतिहास कोणी विचारीत नाही. आज ज्याची हकीगत सांगायची आहे, तो मात्र सह्याद्रीचा एक लहानसा पट्टा सोडला तर जगात कोठेही नाही.

साल 1963. कोयना धरणाचे काम संपत आले होते. शिवाजीसागराचे पाणी चढत होते, गावे उठत होती. कित्येक धरणग्रस्तांची पुनर्वसनाची कागदपत्रे पुढे कैक वर्षे कचेऱ्यांतून फिरत राहिली. त्याच साली सोमण नावाच्या संशोधकाने कोयना परिसरातील एका छोट्या, खरबरीत कातडीच्या बेडकाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला कोयनेचेच नाव दिले. अशा खरबरीत बेडकाला शास्त्राच्या पुस्तकात भेक म्हणतात; आपण बेडूकच म्हणू. खोरे पाण्याखाली जाताना एका जिवाची नोंद तरी झाली! बाकी त्याच्या नावे सातबारा नव्हता, तेव्हा मोबदल्याचा प्रश्नच नव्हता.

पुढे 46 वर्षे तो ‘ब्युफो’ या भल्यामोठ्या प्रजातीत, जगभरच्या भेकांच्या गर्दीत पडून राहिला. 2009 साली बिजू, वरद गिरी आदी संशोधकांनी सिंधुदुर्गातील आंबोलीच्या कातळावरचा एक नवा भेक जगापुढे आणला. अंगरचना आणि आनुवंशिक द्रव्य तपासले, तेव्हा कोयनेचा भेक त्याचा सख्खा भाऊबंद निघाला. दोघांसाठी ‘झँथोफ्राइन’ ही स्वतंत्र प्रजाती मांडली गेली. ग्रीक भाषेत याचा अर्थ पिवळा भेक. दोघांच्याही कुशीवर पिवळे डाग असतात.

कोयनेचे अभयारण्य 1985 सालचे, पुढे 2010 मध्ये ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आले. म्हणजे वाघाच्या नावाने का होईना, भेकाला आसरा मिळाला. आंबोलीकराचे तसे नाही. जांभ्या दगडाच्या खळग्यात पावसाचे वीतभर पाणी साचते, त्यात मादी अंडी घालते. ते आटण्याआधी शेपटीवाल्या पिलांना पाय फुटून बाहेर पडावे लागते. वर पर्यटकांची वर्दळ. निसर्गरक्षणाच्या जागतिक यादीत त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ अशी आहे.

शिक्षकबंधूंनो, पावसाळी सहल आंबोलीला नेलीत तर मुलांना त्या खळग्यांत वाकून अवश्य पाहू द्या. पाय मात्र कोणी बुडवू नये.